‘आठ दिवस’मधल्या ठ-चं काय होतं? शेजारचे ध्वनी एकमेकांना कसे बदलतात

ध्वनिरेखा

‘आठ दिवस’ नेहमीच्या वेगात म्हणून बघा. लिहिताना ठ, पण तोंडातून निघतं ते ‘आड्दिवस’च्या जवळपासचं. ‘एक गाव’चं एग्गाव, ‘हात धर’चं हाद्धर, ‘पाच जण’चं पाज्जण. उलट दिशेनेही होतं: ‘डाग पडला’मध्ये ग-चा क ऐकू येतो.

इथे दोन गोष्टी एकत्र घडतात. ठ-मधला महाप्राण म्हणजे जीभ सुटतानाचा हवेचा झोत. पुढे लगेच दुसरं स्पर्श व्यंजन (हवेची वाट क्षणभर पूर्ण अडवणारं) आलं की ठ स्वतंत्रपणे सुटतच नाही, जिभेची पुढची अडवणूक आधीच लागलेली असते. सुटका नाही तर झोत कुठून येणार? म्हणून महाप्राण जातो. दुसरं म्हणजे घोष. द-साठी स्वरतंतू कंप पावत असायला हवेत. आ-चा कंप चालूच आहे, मध्ये क्षणभर थांबवून पुन्हा सुरू करण्यापेक्षा तो तसाच चालू राहतो. ठ आणि द यांच्या जागा मात्र वेगळ्याच राहतात. मूर्धन्य ते मूर्धन्य, दंत्य ते दंत्य.

हा झाला कानाला कळणारा बदल. कानाला न कळणारे याहून कितीतरी जास्त आहेत. साध्या गप्पांत आपण सेकंदाला दहा ते पंधरा ध्वनी काढतो. जिभेचं टोक चपळ आहे, जिभेचा मागचा भाग जड, आणि मऊ टाळू त्याहून सुस्त. प्रत्येक अवयवाने आपलं काम संपवून मगच पुढच्याने सुरू करावं इतका वेळच नसतो. त्यामुळे पुढच्या ध्वनीची तयारी चालू ध्वनीतच सुरू होते आणि मागच्याचा अवशेष पुढच्यात रेंगाळतो. याला सहोच्चारण म्हणतात. मेंझेराथ आणि दे लासेर्दा यांनी १९३३ मध्ये ही संज्ञा रूढ केली.

यंत्राशिवाय करता येतील अशा तीन चाचण्या:

१. ‘की’ म्हणायला तोंड तयार करा आणि क सुटण्याआधी थांबा. मग ‘कू’साठी तसंच करा. की-च्या वेळी जीभ टाळूला पुढे टेकलेली असते, कू-च्या वेळी मागे. अक्षर एकच, जागा दोन.

२. आरशासमोर ‘सी’ आणि ‘सू’. सू-मध्ये ओठांचा चंबू स-च्या आधीच तयार होतो. स-ला ओठांची गरज नसते, म्हणून ते मोकळे असतात आणि पुढच्या ऊ-च्या कामाला आधीच लागतात.

३. हेच दोन शब्द रेकॉर्ड करून स्वर कापून टाका, फक्त ‘स्स्’ ठेवा आणि दुसऱ्या कुणाला ऐकवा. पुढे ई होता की ऊ, हे सहसा ओळखता येतं. चंबूमुळे सू-मधल्या स-ची सळसळ खालच्या पट्टीत उतरते.

मराठीतले आणखी नमुने आणि ते मोजण्याच्या पद्धती येऊ द्या.

कानसेन

धागा रोचक आहे, पण एक शंका. ‘आड्दिवस’ हा सरळसरळ आळस नाही का? निवेदन किंवा पाठांतर शिकवणाऱ्याने हे दुरुस्त करावं की सोडून द्यावं?

ध्वनिरेखा

कानसेन, ‘आळस’ म्हटलं की पुढे शोधायचं थांबतो. आळसच असता तर सगळ्या भाषांत सगळ्यांनी सारखाच केला असता. तसं होत नाही.

संस्कृतात जगत् + ईश = जगदीश. पुढे स्वर आला तरी त-चा द होतो. मराठीत ‘हात आला’चं ‘हाद आला’ कुणी म्हणत नाही. तोंडाची रचना तीच, त आणि स्वर शेजारी तसेच, तरी एका भाषेत बदल आहे आणि दुसरीत नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या ‘ब्लॅकबोर्ड’मधला क अघोषच राहतो. आपल्याकडे त्याचा सहज ‘ब्लॅगबोर्ड’ होतो, फुटबॉलचा ‘फुडबॉल’. म्हणजे आपण मराठीचा नियम इंग्रजी शब्दाला लावतो.

तेव्हा दोन थर वेगळे ठेवायला हवेत. की-कू किंवा सी-सू हा यंत्रणेचा थर: बदल थोडा-थोडा असतो, बोलण्याचा वेग वाढला की वाढतो, हळू बोललं की घटतो आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. दुसरा थर भाषेच्या नियमाचा, ज्याला समीभवन म्हणतात: एक ध्वनी दुसऱ्याच्या गटात जवळजवळ पूर्ण जातो, सावकाश बोललं तरी टिकतो आणि भाषेगणिक वेगळा असतो. ‘आठ दिवस’ या दोहोंच्या सीमेवर आहे. सावकाश बोललात तर ठ परत येतो, म्हणून तो पूर्ण नियम झालेला नाही. पण ‘हात आला’ला तो होतच नाही, म्हणून नुसती यंत्रणाही नाही.

निवेदनापुरतं सांगायचं तर दोन शब्दांच्या मध्ये बारीकसा विराम घेतला की ठ आपोआप सुटतो. ‘ठ नीट म्हण’ असं सांगितलं की लोक ‘आठअ दिवस’ म्हणतात, ते ऐकायला जास्त वाईट.

संहितापाठ

या विषयात पाणिनीला आणि त्याच्या ‘अष्टाध्यायी’ला वगळून पुढे जाता येणार नाही (कंसातले आकडे अध्याय, पाद, सूत्र असे). ‘परः सन्निकर्षः संहिता’ (१.४.१०९): वर्णांची अत्यंत जवळीक म्हणजे संहिता. संधीचे नियम या जवळिकीतच लागू होतात, विराम घेतला की नाहीत. वर ध्वनिरेखा यांनी विरामाचा जो उपाय सुचवला, तो नेमका हाच आहे.

आठव्या अध्यायाच्या चौथ्या पादात समीभवनाचे बहुतेक प्रकार ओळीने येतात. त-वर्ग च-वर्गाशेजारी आला की च-वर्ग होतो (८.४.४०): सत् + चरित्र = सच्चरित्र, उत् + ज्वल = उज्ज्वल. ट-वर्गाशेजारी आला की ट-वर्ग (८.४.४१). पुढे अनुनासिक असेल तर आधीचे व्यंजनही विकल्पाने अनुनासिक (८.४.४५): वाक् + मय = वाङ्मय, जगत् + नाथ = जगन्नाथ. त-पुढे ल आला की ल (८.४.६०): तल्लीन, उल्लेख. यांतल्या बहुतेकांत आधीचा वर्ण नंतरच्याप्रमाणे बदलतो. प्रभाव उजवीकडून डावीकडे वाहतो.

‘उज्वल’ असे एका ज-ने का लिहिले जाते तेही यातून कळते. जोडाक्षरात तिसरे व्यंजन आले की द्वित्व कानाला कळत नाही. ‘तत्व’, ‘महत्व’ या चुकांचेही तेच कारण. तत् + त्व, महत् + त्व अशी फोड केली की दोन त कुठून आले ते दिसते.

आता सगळ्यांत सुंदर नियम: न-चा ण. एकाच पदात र, ऋ किंवा ष यांच्यानंतर आलेल्या न-चा ण होतो (८.४.१), आणि मध्ये स्वर, ह-य-व-र, क-वर्ग, प-वर्ग किंवा अनुस्वार आला तरी होतो (८.४.२). हे शब्द पाहा:

होतो: कारण, भूषण, दर्पण, ग्रहण, भ्रमण, कृपण, रुग्ण, प्रयाण.
होत नाही: रचना, अर्जुन, वर्तन, प्रार्थना, मर्दन, दर्शन, रसना.

दुसऱ्या ओळीत र आणि न यांच्यामध्ये च, ज, त, थ, द, श, स आहेत. ही यादी पाठ करायची वस्तू नव्हे, जीभ कुठे जाते ते पाहायची आहे. र किंवा ष म्हणताना जिभेचे टोक वर वळते. पुढे प, म, ग, ह आले तर ते काम ओठ, जिभेचा मागचा भाग किंवा कंठ करतो, टोकाला कुणी हात लावत नाही. ते वळलेलेच राहते आणि न येतो तेव्हा त्याच अवस्थेत टेकते: ण. मध्ये त किंवा स आला की टोकाला खाली येऊन दातांपाशी काम करावे लागते, वळण मोडते आणि न हा न-च राहतो. य तालव्य असूनही आड येत नाही, कारण तो जिभेच्या मधल्या भागाचा, टोक कुठेही टेकत नाही.

म्हणजे ‘शेजारी’ याचा अर्थ लगतचा वर्ण एवढाच नव्हे. ग्रहण-मध्ये र आणि ण यांच्यात अ, ह, अ असे तीन वर्ण आहेत. जिभेच्या टोकाच्या हिशेबाने मात्र ते लगतच आहेत.

निमिष

वा! मग ‘करून’, ‘मारून’, ‘घरून’ यांत ण का नाही? मध्ये तर फक्त स्वर आहे.

संहितापाठ

कारण मराठीत हा नियम जिवंत नाही. संस्कृतातून घेतलेल्या शब्दांत त्याचे फळ तेवढे आले. करून, दुरून, रान, कारखाना: सगळीकडे न शाबूत. ‘करणे’मधला ण पाहून फसू नका. तो ‘बोलणे’, ‘जाणे’मध्येही आहे, र-चा त्याच्याशी संबंध नाही. ‘समानपदे’ (एकाच पदात) ही अटही महत्त्वाची: ‘रामनाम’मध्ये दोन पदे वेगळी, म्हणून न. शूर्पणखा हे विशेषनाम म्हणून अपवाद, त्याला ८.४.३ हे स्वतंत्र सूत्र आहे.

तालव्य_च

मराठीचे स्वतःचे जिवंत नियम हवे असतील तर च, ज, झ आणि स बघा.

‘त्याचा’मधला च दातांमागचा, ‘त्याची’मधला टाळूचा. ‘माझा’ आणि ‘माझी’मधले झ तसेच वेगळे. ‘घरचा’ आणि ‘घरच्या’ म्हणून बघा, जिभेचा स्पर्श सरळ मागे सरकतो. ई आणि य या दोन्हींसाठी जिभेचा मधला भाग टाळूकडे चढलेला लागतो. ती चढाई व्यंजनातच सुरू होते आणि दंतमूलीय च तालव्य होतो. देवनागरीत दोन्हींना एकच अक्षर असल्यामुळे हा बदल लिहून दिसत नाही, त्यामुळे मराठी शिकणारा अमराठी माणूस नेमका इथे अडकतो. त्याला ‘च-चे दोन उच्चार आहेत’ असं सांगून सोडून देऊ नका. ‘पुढे ई किंवा य आला की च टाळूचाच’ एवढं सांगितलं तरी अर्धी अडचण सुटते. आ, उ, ओ यांच्या आधी मात्र शब्दागणिक पाठ करावं लागतं: ‘चार’ टाळूचा, ‘चाक’ दातांमागचा.

स-चा श मात्र लेखनातही उतरलाय. घसा–घशात, मासा–माशाला, ससा–सशाला, पैसा–पैशाला. सामान्यरूपाचा ‘या’ स-ला चिकटला (घस्या-), य-ने स-ला टाळूकडे ओढलं, श झाला आणि य स्वतः त्यात विरून गेला. म्हैस–म्हशी इथे तेच काम ई-ने केलंय.

हा नियम झाल्याची खूण ही की कितीही सावकाश बोललात तरी ‘घसात’ होत नाही. ध्वनिरेखा यांच्या वेगाच्या कसोटीवर हा शंभर टक्के दुसऱ्या थरातला.

कानसेन

मान्य, ‘आळस’ शब्द मागे घेतो. पण मग ऐकणाऱ्याचं काय? प्रत्येक क वेगळा, प्रत्येक स वेगळा, तर कान त्यांना एकच कसा समजतो?

मापनपट्टी

कान हिशेब करून ऐकतो. व्हर्जिनिया मान यांचा १९८० चा प्रयोग यासाठी वाचण्यासारखा आहे. संगणकाने ‘दा’ आणि ‘गा’ यांच्या अधलेमधले ध्वनी बनवले आणि त्यांच्या आधी कधी ‘आल’, कधी ‘आर’ लावलं. तोच संदिग्ध ध्वनी ‘आल’नंतर ‘गा’ म्हणून जास्त ऐकला गेला, ‘आर’नंतर ‘दा’ म्हणून. खऱ्या बोलण्यात ल-नंतरचा ग थोडा पुढे सरकतो. ऐकणारा ते सरकणं ल-च्या खात्यावर टाकतो आणि ‘हा मुळात ग-च’ असं ठरवतो.

यावर मोठा वाद झाला. एक बाजू म्हणते की ऐकणारा बोलणाऱ्याच्या तोंडाची हालचाल ओळखतो. दुसरी म्हणते की हा नुसता ध्वनीच्या पट्टीतल्या विरोधाचा परिणाम आहे. लोट्टो, क्लुएंडर आणि होल्ट यांनी १९९७ मध्ये जपानी लाव्या पक्ष्यांवर हाच प्रयोग केला, आणि पक्ष्यांचा प्रतिसादही तसाच सरकला. पक्ष्यांना काही आपल्या ल आणि ग-ची तोंडं ठाऊक नसतात! मला दुसरी बाजू जास्त पटते, पण वाद मिटलेला नाही.

आता मोजणीकडे. ‘प्रात’ हे बूर्स्मा आणि वेनिंक यांचं मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. करायचं काय, तर व्यंजन पुढच्या स्वरापुढे किती नमतं त्याचा आकडा काढायचा.

शब्द नऊ: बी बा बू, दी दा दू, गी गा गू. प्रत्येक सहा वेळा, एकूण ५४, क्रम विस्कटलेला. नुसते शब्द वाचायचे नाहीत, ‘आता ___ म्हण’ या चौकटीत घालायचे, म्हणजे आधीचा स्वर दर वेळी आ-च राहतो. रेकॉर्डिंग ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, मोनो, वेव्ह फाइल. माईक तोंडापासून १५ ते २० सेंमी आणि थोडा बाजूला, नाहीतर ब-च्या झोताने खाड्कन आवाज येतो.

फॉर्मंट म्हणजे तोंडाच्या पोकळीत घुमून ठळक होणारे आवाजाचे पट्टे, खालून वर पहिला, दुसरा असे मोजलेले. प्रातमध्ये फॉर्मंटची कमाल मर्यादा प्रौढ पुरुषाच्या आवाजाला ५,००० हर्ट्झ, स्त्रीच्या आवाजाला ५,५००, लहान मुलाला ८,००० पर्यंत. फॉर्मंटची संख्या ५. प्रत्येक शब्दात दुसरा फॉर्मंट दोन ठिकाणी वाचा: व्यंजन सुटल्यावर स्वरतंतूंच्या पहिल्या पूर्ण ठोक्यावर, आणि स्वराच्या मध्यावर. स्प्रेडशीटमध्ये मध्यावरचा आकडा आडव्या अक्षावर, सुरुवातीचा उभ्या अक्षावर. ब, द, ग यांच्यासाठी तीन वेगळ्या सरळ रेषा बसवा आणि त्यांचा चढ बघा.

चढ १ च्या जवळ असेल तर व्यंजन स्वरापुढे पूर्ण नमलं, ० च्या जवळ असेल तर आपली जागा धरून बसलं. ब-चा चढ द-पेक्षा मोठा येतो, कारण ब-मध्ये जीभ मोकळी असते आणि ओठ मिटलेले असतानाच ती पुढच्या स्वराच्या जागी जाऊन बसते. द-मध्ये जीभ स्वतःच कामात असते. अमेरिकेतल्या हास्किन्स प्रयोगशाळेत १९५५ मध्ये डेलात्र, लिबरमन आणि कूपर यांनी द-साठी दुसऱ्या फॉर्मंटचं उगमस्थान (जिथून तो निघाल्यासारखा दिसतो ती जागा) सुमारे १,८०० हर्ट्झ आणि ब-साठी ७२० काढलं होतं. ग-ने तेव्हाच त्रास दिला होता: ३,००० हे स्थान पुढच्या स्वरांना चालतं, मागच्यांना नाही. की-कूची चाचणी आठवा, कारण तेच.

कुठे घसरतं:

ऊ-मध्ये पहिला आणि दुसरा फॉर्मंट इतके जवळ येतात की प्रात दोघांना एकच समजतं आणि तिसऱ्याला दुसरा म्हणून दाखवतं. पुरुषाच्या आवाजात ‘बू’चा दुसरा फॉर्मंट साधारण ८०० ते ९०० यायला हवा. २,२०० दिसला तर तो तिसरा आहे. फॉर्मंटची संख्या ५ ची ६ करून बघा आणि मागच्या वर्णपटातल्या (ध्वनीच्या चित्रातल्या) काळ्या पट्ट्यांवर प्रातचे लाल ठिपके बसतात का ते डोळ्यांनी तपासा. आकडा आंधळेपणाने उतरवू नका.

व्यंजन कुठे संपलं आणि स्वर कुठे सुरू झाला यावर वाद घालत बसू नका. तशी रेघ अस्तित्वातच नाही, हाच तर या धाग्याचा विषय. एक खूण ठरवा आणि ५४ ही ठिकाणी तीच वापरा.

यंत्रवाणी

मापनपट्टी यांच्या प्रतिसादाला पुरवणी: मोबाइलच्या मेसेजिंग ॲपमधली व्हॉइस नोट यासाठी वापरू नका. आकुंचनात वरच्या पट्ट्या जातात आणि गोंगाट कमी करणारी यंत्रणा स-ची सळसळ गोंगाट समजून दाबते. सी-सूची चाचणी तिथेच फसते. फोनच वापरायचा तर वेव्ह फाइल देणारं रेकॉर्डिंग ॲप घ्या आणि आवाज सुधारण्याच्या सगळ्या सोयी बंद ठेवा.

आमच्या क्षेत्राला, म्हणजे यंत्राला बोलायला आणि बोललेलं ओळखायला लावण्याच्या कामाला, सहोच्चारणाने चांगलाच धडा शिकवला. सुटे ध्वनी कापून ओळीने चिकटवले की वाक्य तयार होईल असं वाटतं. प्रत्यक्षात ऐकणाऱ्याला शब्दच लागत नाही, कारण द ओळखण्याची बरीचशी माहिती द-मध्ये नसून पुढच्या स्वराच्या पहिल्या ४०-५० मिलिसेकंदांच्या वळणात असते. म्हणून जुन्या वाचायंत्रांनी कापण्याची जागाच बदलली. एका ध्वनीच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंतचा तुकडा घ्यायचा. मध्य सगळ्यांत स्थिर, सांधा तिथे कमी खटकतो, आणि वळण तुकड्याच्या पोटात सुखरूप राहतं. ४५ ध्वनींची भाषा असेल तर असे जास्तीत जास्त २,०२५ तुकडे.

बोललेलं ओळखणाऱ्या यंत्रांना दोन्हीकडचा शेजार लागला: डावा, मधला, उजवा. ४५ चा घन म्हणजे ९१,१२५ त्रिके. इतक्यांना पुरेल एवढं रेकॉर्डिंग कधीच नसतं, म्हणून सारखा परिणाम करणारे शेजारी एकत्र बांधले जात. ‘डावीकडे ओष्ठ्य आहे का?’, ‘उजवीकडे अनुनासिक आहे का?’ अशा प्रश्नांनी गट पाडायचे. हे प्रश्न वाचले की वर्णमालेचा तक्ता समोर आल्यासारखं वाटतं. आजची न्यूरल प्रारूपं ही विभागणी हाताने करत नाहीत, पण शेजार त्यांनाही शिकावाच लागतो.

निमिष

‘सात दे’ आणि ‘साद दे’ ही जोडी मोजता येईल का? घाईत मला दोन्ही सारखीच ऐकू येतात.

मापनपट्टी

याहून चांगली जोडी मिळणार नाही. तीन गोष्टी मोजा. तोंड बंद असतानाच्या काळात वर्णपटाच्या तळाशी, ३०० हर्ट्झच्या खाली, घोषाची काळी पट्टी किती टक्के वेळ चालू आहे? बंद काळ एकूण किती मिलिसेकंद? आणि आधीचा आ किती लांब? घोष व्यंजनाआधीचा स्वर सहसा जरा लांब असतो. पट्टी दोन्हींत पूर्ण असली, पण ‘सात दे’तला आ आखूड राहिला, तर त अजून पूर्ण गेलेला नाही, त्याची सावली स्वरात उरली आहे. मग दोन्हींचे दहा-दहा नमुने मिसळून दुसऱ्यांना ऐकवा. वीसपैकी दहाच्या आसपास उत्तरं बरोबर आली तर ते नुसते अंदाज. सतरा-अठरा आली तर कानाला फरक लागतो आहे. संदर्भाचे शब्द आधीच कापा, नाहीतर लोक अर्थावरून ओळखतात.

संहितापाठ

कान कुणाच्या खात्यावर काय टाकतो, हे मापनपट्टी यांनी वर लिहिले. ते खाते चुकले की भाषा बदलते, हा ध्वनिशास्त्रज्ञ जॉन ओहाला यांचा १९८१ चा सिद्धांत. आपल्याच भाषेत याचे ढीगभर पुरावे आहेत.

संस्कृत, प्राकृत, मराठी या क्रमाने: सप्त – सत्त – सात. भक्त – भत्त – भात. दुग्ध – दुद्ध – दूध. तिन्हींत पहिले व्यंजन दुसऱ्यासारखे झाले, मग द्वित्व गेले आणि त्याची भरपाई म्हणून स्वर दीर्घ झाला. नेहमी पहिलेच का हरते? कारण दोन स्पर्श एकापाठोपाठ आले की पहिले सुटत नाही. त्याचा स्फोट ऐकू येत नाही आणि पुढच्या स्वरातले वळणही त्याला मिळत नाही. ओळखीच्या दोन्ही खुणा दुसऱ्याकडे. ‘आठ दिवस’मध्ये ठ-ची जी अडचण आहे, तीच सप्त-मधल्या प-ची.

जोडीत एकच स्पर्श असेल तर जागा कुठलीही असो, तोच जिंकतो: चक्र – चक्क – चाक, रात्रि – रत्ति – रात, अग्नि – अग्गि – आग. र सगळ्यांत दुबळा, तो कर्म – कम्म – काम मध्ये म-पुढेही हरतो.

अवांतर, पण सांगितल्यावाचून राहवत नाही: आम्र–आंबा, ताम्र–तांबे. मूळ शब्दात ब नाही, मग आला कुठून? म-मध्ये ओठ मिटलेले आणि नाकाची वाट उघडी. र-ला दोन्ही उलट हवे. नाकाची वाट ओठांच्या आधी क्षणभर बंद झाली, तर त्या क्षणी ओठ मिटलेले, नाक बंद आणि घोष चालू अशी स्थिती येते. त्यालाच ब म्हणतात. पुढे र गेला, ब राहिला. वानर–वांदर मधला द असाच, फक्त दातांपाशी.

तालव्य_च

आंबा-तांबेच्या जोडीला दन्त–दात घ्या. न-साठी मऊ टाळू लवकर खाली येतो आणि आधीचा स्वर नाकात जातो. ती नाकातली छटा स्वराचीच समजली गेली की वेगळा न अनावश्यक होतो. हिंदीत तिथेच थांबलं: दाँत. मराठीत छटाही गेली. जुन्या लेखनात ‘दांत’ असा टिंब होता. १९६२ च्या नियमांनी उच्चारात नसलेले असे अनुस्वार काढले.

कानसेन

शेवटची शंका, तीही व्यवहारातली. ‘अंक’, ‘पंच’, ‘अंडे’, ‘अंत’, ‘अंबर’ यांत टिंबाचा ङ, ञ, ण, न, म होतो हे कळलं. संयम, संवाद, संशय, सिंह यांचं काय करायचं? ऑडिओ पुस्तकांत ‘सन्शय’, ‘सिम्ह’ असं काहीही ऐकू येतं.

ध्वनिरेखा

पुढचं व्यंजन वाट पूर्ण बंद करणारं असेल तरच अनुस्वाराला त्याच्या जागेवरचा पूर्ण अनुनासिक उसना मिळतो. य, र, ल, व, श, ष, स, ह यांत तोंड कुठेच पूर्ण मिटत नाही, म्हणून तिथे मराठीत उघडा, नाकातला ध्वनी येतो:

य-च्या आधी नाकातला य: संयम = सय्ँयम.
ल-च्या आधी नाकातला ल: संलग्न = सल्ँलग्न.
व-च्या आधी नाकातला व: संवाद = सव्ँवाद.
र, श, ष, स, ह यांच्या आधीही मराठीत नाकातला व-च: संरक्षण = सव्ँरक्षण, वंश = वव्ँश, संसार = सव्ँसार, सिंह = सिव्ँह.

‘सन्शय’, ‘सन्सार’ हे हिंदीच्या वळणाचे उच्चार. तिथे जीभ दातांपाशी टेकते. सराव करताना ‘संशय’मध्ये जिभेचं टोक श-आधी कुठेही टेकत नाही ना, एवढंच बघा. टेकलं की न झाला. ‘सिंह’मध्ये ओठ जवळ यायला हवेत पण मिटायला नकोत, मिटले की ‘सिम्ह’. नाकातून आवाज जातोय का हे तपासायला त्या क्षणी नाकपुड्या चिमटीत धरा. आवाज कोंदला तर बरोबर चाललंय, काहीच फरक पडला नाही तर तुम्ही नुसतं ‘सिव्ह’ म्हणताय.